पेंड्रिल मॅनरचा प्रतापगड

बाई किल्ल्यासमोर थांबल्या तेव्हा राधाला वाटलं, आता या फोन काढणार. सगळेच काढायचे. पेंड्रिल मॅनर सोसायटीच्या क्लबहाउसच्या दारातून आत शिरलं की उजव्या हाताला टेबलटेनिसच्या टेबलावर, दिवाळी होऊन गेली तरी, शंतनूचा प्रतापगड अजून उभाच होता. तो उचलायचा कोणी, यावर व्हॉट्सॲपवर निरोपांचा पाऊस पडला होता आणि माणूस मात्र एकही फिरकला नव्हता. तटावर पेरलेली मोहरी पिवळी पडून आडवी झाली होती. पुण्याहून सुटकेसमधून आलेले मावळे थोडे कलले होते. पण बाईंनी फोन काढला नाही. त्यांनी उजव्या हातातला लोकरी हातमोजा काढला, कोटाच्या खिशात घातला, आणि वाकून पुढच्या बुरुजातल्या एका पांढऱ्या दगडावर बोटं ठेवली. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावीत तशी. मग तशाच वाकलेल्या अवस्थेत त्यांनी विचारलं, "हा इथे कसा आला?" आणि राधा तोंड उघडते न उघडते तोच तिच्या मागून सोसायटीच्या बोर्डाचे अध्यक्ष उल्हासकाका म्हणाले, "गार्डन सेंटर. सगळे दगड गार्डन सेंटरमधून आणलेत, मॅडम."

राधाने वळून पाहिलं. काका हसत होते. ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस पाच मिनिटांत पोचतो म्हणून सांगतो, तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं होतं, आणि तिला धक्का बसला तो खोटेपणाचा नव्हे, या सहजपणाचा. काकांच्या खोटं बोलण्याचा हिशेब तिच्याकडे होता. मंडळाच्या गणपतीला हॉल मिळाला नाही म्हणून सांगून स्वतःच्या भाचीच्या बेबी शॉवरला तोच हॉल दिला, हे तिच्या डोक्यात जमा होतं. ती लोकांना असंच जमा करत आली होती. कोण डबा रिकामा परत करतं, कोण 'या ना एकदा' म्हणून पत्ता देत नाही, कोण आडनाव ऐकल्यावर अर्धा क्षण थांबतं. काका थांबले होते. व्हर्जिनियातल्या हर्नडनला आली त्या पहिल्या वर्षी, याच क्लबहाउसमध्ये. "रामटेके? अच्छा. विदर्भ." मधल्या त्या पूर्णविरामात काय मावलं होतं ते तिला मोजता आलं होतं. पुढे बारा वर्षं मंडळाच्या कार्यक्रमाला तिच्या वाट्याला पाण्याच्या बाटल्या, पेपर प्लेट आणि सेक्रेटरीपद आलं, नैवेद्यातलं काही कधी आलं नाही. तिची तक्रार नव्हती. तक्रार करायला वेळ लागतो, आणि मंडळाची सेक्रेटरी, वर सोसायटीच्या बोर्डाची सेक्रेटरी, वर दिवसभर एका विमा कंपनीच्या डेटामधल्या चुका शोधणारी बाई वेळ आणणार कुठून. पण गार्डन सेंटर हे नवीन होतं. कारण दगड कुठून आले ते तिने स्वतःच्या किचनच्या खिडकीतून पाहिलं होतं.

शंतनू, त्याची लेक हर्षिता आणि कॉलनीतली चार पोरं लाल रंगाची ढकलगाडी घेऊन मागच्या रानात गेली होती. रान म्हणजे तरी काय, टोबॅको लेनच्या मागे उरलेला ओक आणि टुलिपच्या झाडांचा एक तुकडा, बिल्डरला उतारामुळे बांधता आला नाही म्हणून वाचलेला. खाली बारा महिने हिरवी राहणारी, वसंतात निळी फुलं येणारी वेल पसरलेली. पोरं भरलेली गाडी घेऊन परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. तिने त्यांना जुने टॉवेल दिले, दगड पुसायला. दुपारी चहा नेऊन दिला, शंतनूला म्हणाली, "अरे, एवढे मोठे दगड कशाला, थर्माकोल लाव की." तो म्हणाला, "काकू, थर्माकोलचा किल्ला हा किल्ला असतो का? आमच्या सोसायटीत पोरं हसायची." त्याची सोसायटी म्हणजे बिबवेवाडीची. माणसं समुद्र ओलांडून येतात आणि तिथल्या कोण्या पोरांनी हसू नये म्हणून इथे राबतात. मंडळाच्या किल्लेस्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं त्या दिवशी शंतनूने बुरुजाचा फोटो आईला पाठवला होता.

आणि बाईंचं येणं. त्याचा तर वेगळाच ताप. बाईंची ईमेल सेक्रेटरी म्हणून राधालाच आली होती. नाव वर्नेटा पेंड्रिल, राहणार वॉरेंटन, निवृत्त नर्स. 'माझं कुटुंब पेंड्रिल हॉलच्या जमिनीवर देश व्हायच्या आधीपासून आहे. तिथल्या रानात पिकलबॉल खेळायचं कोर्ट करायचं ठरतंय अशी नोटीस वाचली. त्याआधी एकदा यायचं आहे.' राधाने ती काकांना पुढे पाठवली आणि काकांचा अर्ध्या तासात फोन आला. आवाज भरून आलेला. "राधाताई, पेंड्रिल. साक्षात मूळ घराणं. आपण शाल-श्रीफळ देऊ या." राधा म्हणाली, "काका, आधी भेटू तर द्या." काका ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. मूळ घराणं या गोष्टीवर त्यांचा जीव होता. स्वतः ते कर्नल्स कोर्टवर राहायचे आणि पत्ता सांगताना कर्नल या शब्दावर किंचित रेंगाळायचे. कर्नल पेंड्रिलने इंग्लंडच्या राजाकडून जमीन मिळवली, तंबाखू लावली, पेंड्रिल हॉल नावाचं विटांचं दुमजली घर बांधलं, तीन बायका केल्या, आणि मग कधीतरी ते घर जळलं. आता त्यातली एक चिमणी उरली आहे. सोसायटीने तिच्याभोवती साखळी घालून सोलरचे दिवे बसवलेत, आणि संध्याकाळी आजी-आजोबा तिला प्रदक्षिणा घातल्यासारखे फेऱ्या मारतात. "कर्नल म्हणजे आपल्याकडचे सरदारच की," काका म्हणायचे. देशाची अडीचशे वर्षं येतायत म्हणून चिमणीपाशी इतिहासाची पाटी लावायची ठरली तेव्हा मजकूर राधाकडे आला. तिने चार रविवार लायब्ररीत घालवले. विटा कोणी भाजल्या, तंबाखूची पानं कोणी खुडली, तिसऱ्या बायकोची पोरं कोणी पाजली, हे लिहिलं, गुलाम हा शब्द न टाळता. काकांनी मीटिंगमध्ये चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं आणि म्हणाले, "फार छान. फक्त निगेटिव्ह कशाला, राधाताई? लोक इथे मॉर्निंग वॉकला येतात." मग तो परिच्छेद गेला आणि त्या जागी 'अनेक हातांच्या साह्याने' असं आलं. हात. जणू हात एकटेच कुठून तरी आले, घर बांधून झाल्यावर एकटेच निघून गेले. राधाने ते मान्य केलं. त्याच आठवड्यात कोजागरी होती आणि दुधाचा हिशेब जुळत नव्हता.

आज दुपारी करड्या कोरोलातून बाई उतरल्या. उंच, सत्तरीच्या पुढच्या, काळ्या, डोक्यावर जांभळी टोपी. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून आतला माणूस उठून गेला. शालीची पिशवी त्यांनी खुर्चीखाली पायाने ढकलली. हेही राधाने जमा केलं, आणि मनातल्या मनात इतकी चिडली की तिचेच कान गरम झाले. काकांवर तर होतीच, पण स्वतःवरही. मूळ घराणं म्हटल्यावर तिच्याही डोळ्यांपुढे आधी गोरी बाईच आली होती, मोत्यांची माळ घातलेली. लायब्ररीत चार रविवार बसून, गुलामांना मालकाचंच आडनाव लागायचं हे वाचून.

"गार्डन सेंटर," बाईंनी पुन्हा म्हटलं. त्या अजून वाकलेल्याच होत्या. "कुठलं?"

"आय विल फाइंड आउट फॉर यू," काका म्हणाले. मग राधाकडे वळून, त्याच हसऱ्या चेहऱ्याने, मराठीत, "राधाताई, कॉफी आणा जरा. आणि शंतनूचा विचार करा. पोराचं व्हिसाचं स्टेटस माहितीये ना तुम्हाला? थडग्यांना हात लावणं इथे फेलनी आहे, गंभीर गुन्हा. आपण बोललो तर तो गेला."

राधा पँट्रीत गेली. यंत्रात कॉफीची डबी घातली आणि दार लोटलं. फेलनी. म्हणजे काकांना थडगी माहीत होती. गार्डन सेंटर तोंडातून इतकं पटकन निघालं ते उगाच नव्हतं. गेल्या आठवड्यात काउंटी सरकारसाठी पाहणी करायला एक तरुण मुलगा आला होता, टॅब्लेट घेऊन रानात फिरला आणि अहवाल दिला, दफनाच्या दृश्य खुणा आढळल्या नाहीत. त्या अहवालावर सोमवारी बोर्डाचं मतदान, मंगळवारी झाडतोडीचं कंत्राट. खुणा कशा आढळणार? खुणांचा प्रतापगड झाला होता, पहिलं बक्षीस घेऊन टेबलटेनिसच्या टेबलावर बसला होता, आणि तो मुलगा जाताना त्याच्यासमोर सेल्फी काढून गेला होता. काका तेव्हा शेजारीच उभे होते. त्यांना तेव्हाच कळलं असणार. माणूस मूर्ख नव्हता, हीच तर अडचण. मूर्ख माणसावर चिडून मोकळं होता येतं.

आणि शंतनूची काळजी, म्हणे. परवा परवापर्यंत त्या पोराला काका नुसते खुर्च्या उचलायला बोलवायचे. पण काळजीचा माणूस खोटा असला तरी काळजी खरी होती. शंतनूच्या कंपनीत दोनदा माणसं काढून झाली होती, त्याचं एक्स्टेन्शन अडकलं होतं, त्याची बायको रात्री मेलबॉक्स उघडायला घाबरायची, हे राधाला तिनेच सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता. राधाने फोन लावला.

"शंतनू, किल्ल्याचे दगड रानात कसे होते?"

"कसे म्हणजे? होते. का, काकू?"

"पडलेले होते की उभे?"

पलीकडे कार्टून चालू होतं, ते बंद झालं. "उभे होते," तो म्हणाला. "मातीत अर्धे. लाइनीत होते खरं तर. मला वाटलं जुनं लँडस्केपिंग असेल. हर्षिता म्हणाली पण मला, डॅडी, समबडी प्लँटेड दीज." मग हळू आवाजात, "काकू, काय होतं ते?"

"माणसं."

त्याने दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मला प्रॉब्लेम होईल का?"

"होऊ शकतो. खोटं नाही सांगत."

"मग मी काय करू?"

"ते मी तुला सांगणार नाही. मी आता बाहेर जाऊन बाईंना सांगणार आहे. तुझं नाव मी घेणार नाही. आम्ही आणले म्हणेन. यायचं तर ये. आणि येशील तर हर्षिताला आण."

"तिला कशाला, काकू? लहान आहे ती."

"तुमच्यापैकी तिलाच तेवढं कळलं होतं."

फोन ठेवला तेव्हा यंत्र शेवटचे थेंब टाकत खोकत होतं, आणि तिला बाबा आठवले, जे आठवण्याची ही काही वेळ नव्हती. उमरेडजवळच्या त्यांच्या गावात वस्तीची माणसं पुरायची जागा नाल्यापलीकडे होती. दगडच होते तिथेही, नदीतून आणलेले, नावं नसलेले. नावं लिहायला कोणाला लिहिता येत होतं? बाबा तिला लहानपणी एकदा घेऊन गेले होते. हा माझा आजा, ही त्याची बहीण, हा कोण ते मला माहीत नाही पण त्याच्या इथे आई हात जोडायची. मग धर्मांतरानंतरची पिढी, नागपूर, कॉलनी, विहार, शिक्षण. गावाकडे जाणं सुटलं. कालवा आला तेव्हा तो तिथूनच गेला. बाबांना कळलं ते चार वर्षांनी, एका लग्नात. राधा तेव्हा कॉलेजात होती, तावातावाने म्हणाली होती, तुम्ही अर्ज का नाही केलात, कोर्टात का नाही गेलात. बाबांनी जिलबीचा तुकडा ताटात तसाच ठेवला आणि म्हणाले, "इंजिनिअरने विचारलं होतं म्हणतात, इथे कोणाचं काही आहे का. गावातल्या मोठ्या माणसांनी सांगितलं, काही नाही, पडीक आहे. तेवढंच लागतं, बाई. एक जण म्हणतो काही नाही, बाकीचे चहा पितात." त्यानंतर बाबा त्या विषयावर कधी बोलले नाहीत. ती मात्र वर्षानुवर्षं त्या मोठ्या माणसांवर मनात दात खात राहिली, आणि चहा पिणारे कोण असतील याचा तिने कधी विचारच केला नव्हता. नवऱ्याचा, विवेकचा, मेसेज आला. 'कधी येतेस? भात लावू का?' लाव, असं तिने लिहिलं, आणि कॉफीचा कप तिथेच ठेवून ती बाहेर आली.

बाई आता सरळ उभ्या होत्या. काका त्यांना सोसायटीच्या स्विमिंगपूलविषयी सांगत होते.

"मिसेस पेंड्रिल," राधा म्हणाली, "ते गार्डन सेंटरमधून आणलेले नाहीत. मागच्या रानातले आहेत. आम्ही काढले. दिवाळीत आमच्याकडे मुलं किल्ला करतात, त्यासाठी. काय आहे ते कळलं नाही. पण कळायला हवं होतं. लाइनीत होते."

काका मराठीत म्हणाले, "राधाताई, हे काय केलंत तुम्ही?"

"काका, मराठीत नको. त्यांना समजत नाही. इंग्लिशमध्ये सांगा, गार्डन सेंटर कुठलं ते."

काकांनी खिशातून फोन काढला आणि तो उलटा धरून बघत राहिले. बाईंनी जवळची घडीची खुर्ची ओढली आणि बसल्या. रडतील असं राधाला वाटलं, ओरडतील असंही वाटलं. दोन्हीसाठी ती तयार होती, आणि दोन्ही सोपं गेलं असतं. बाई प्रतापगडाकडे बघत होत्या, एकेका दगडाकडे, वर्गात आलेली पोरं बघावीत तसं.

"पांढरा हॅनाचा," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीची आजी. ती या घरची दाई होती. कर्नलच्या पणतवंडांना तिने पाजलं आणि स्वतःची तीन त्याच रानात ठेवली. तो पांढरा म्हणून ओळखला मी. बाकीच्यांचं काय करू? आई मला दर वर्षी आणायची. दगडापाशी उभी राहून सांगायची, हा अमुक, ही तमुक, हा भांडकुदळ होता, हिचा आवाज चांगला होता. घरी विचारलं तर तिला आठवायचं नाही. दगड पाहिला की आठवायचं. माझंही तसंच आहे." त्यांनी किल्ल्याकडे हात केला. "असे रचलेले मला वाचता येत नाहीत."

इतका वेळ राधाला वाटत होतं की सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. सांगितलं की खातं मिटलं. तिने आयुष्यभर लोकांच्या नोंदी ठेवल्या होत्या, आणि ही नोंद अशी होती की ती ठेवणारी जागाच उपटली गेली होती, तिच्या खिडकीसमोरून, तिच्या टॉवेलने पुसून.

"सोमवारच्या आधी काउंटीला कळवाल?" बाईंनी विचारलं. "लेखी?"

"आजच. सेक्रेटरी म्हणून. अहवाल चुकीचा आहे आणि का चुकीचा आहे ते." काकांचं तोंड उघडलं. "काका, तुम्ही वेगळं लिहा. दोन्ही पाठवू."

मग दुसरं काही सुचेना म्हणून तिने मावळे उचलायला सुरुवात केली. मावळे, तोफा, महाराजांचं सिंहासन, सगळं खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडलं. मोहरीसकट मातीचे तुकडे पडू लागले. लाल ढकलगाडी कोपऱ्यातच होती. एकेक दगड निघाला, आणि प्रत्येकाला खालच्या बाजूला एक गडद रेघ होती, इथवर मातीत होता म्हणून सांगणारी. इतके दिवस ती रेघ सगळ्यांनी रंग समजून पाहिली होती. बाई उठल्या आणि पांढरा दगड त्यांनी स्वतःच घेतला, गाडीत ठेवू दिला नाही.

रानात पानं घोट्यापर्यंत होती. राधा गुडघ्यांवर बसून ती बाजूला सारत होती, वेलीच्या दोऱ्या उचलून खाली बघत होती. चिडचिड अजून गेली नव्हती, उलट पानांवरही निघत होती. खड्डा दिसायला हवा. दगड उपसला तर माती उघडी पडते, फिकी राहते, किडे राहतात. एक सापडला. त्यात एक दगड बसवून पाहिला, बसला नाही. दुसरा पाहिला. तोही नाही. मागे पानं वाजली आणि हर्षिताचा आवाज आला, "नॉट दॅट वन, राधाआजी. दॅट वन वॉज बाय द ट्री विथ द होल." तिच्या मागे शंतनू होता, पायांत घरातल्याच चपला, चेहरा धुतल्यासारखा पांढरा. तो थेट बाईंसमोर गेला आणि म्हणाला, "मॅम, मी काढले. मीच होतो. माझं नाव शंतनू." एवढंच. पुढचं काही त्याला येत नव्हतं. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मग शोध, शंतनू."

हर्षिताला सगळे आठवत नव्हते. दोन-तीन ती ठामपणे दाखवायची, मग गोंधळायची, मग "आय डोन्ट नो" म्हणून बापाच्या पायाला चिकटायची. ती जिथे खात्रीने म्हणे तिथे राधा खणून पाही, आणि कधी बसे, कधी बसत नसे. बसला की बाई जवळ येऊन त्या दगडाकडे बघत उभ्या राहायच्या. एकदा त्या अचानक हसल्या, "हा भांडकुदळ," म्हणाल्या. शंतनूने तोंड फिरवून डोळे पुसले. पण गाडीत अजून बरेच होते, आणि ऊन झाडांच्या शेंड्यांवर चढत चाललं होतं.

तेवढ्यात उतारावरून उल्हासकाका येताना दिसले. फ्लीसच्या जॅकेटवर लाल माती लागलेली, पांढरे बूट पानांतून घसरतायत, आणि छातीशी कवटाळलेला, महादरवाज्यात उंबऱ्याला आडवा टाकलेला तो सगळ्यात मोठा दगड. तो टेबलाच्या मधोमध रुतला होता, राधाने मागाहून न्यायचा म्हणून ठेवला होता. पोटाने तो तोलत, धापा टाकत ते बाईंपाशी येऊन थांबले. शंतनू मदतीला धावला तर त्याला त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मागे राहून त्यांनी सोसायटीच्या वकिलाला फोन केला होता की नव्हता, कोण जाणे. कोणाकडेच न बघता ते म्हणाले, "हा राहिला होता. व्हेअर डू आय पुट इट?"

बाई त्या दगडाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग नकारार्थी मान हलवली. हर्षिताकडे सगळ्यांनी पाहिलं. तिनेही मान हलवली.

"माहीत नाही अजून," बाई म्हणाल्या. "पण खाली ठेवू नका. जागा सापडेपर्यंत हातात धरा."

काकांनी राधाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मधे न थांबता, सरळ. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. राधाने मान खाली घातली आणि पुढचा पानांचा थर हलक्या हाताने, कोपऱ्यापासून, नीट बाजूला सारायला घेतला. तिने घाई केली नाही.